हंड्यात उकळलेले पीच

मी आज जो काही आहे तो कारध्याच्या काकाजींमुळे आहे. ते माझ्या नात्यातले नव्हते. वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्यासमोर, त्यांची पेरूची आणि आंब्याची बाग होती, आणि माझे वडील हंगामात ती राखायला सानगडीहून येत. वडिलांना सही येत नव्हती. मी दहावी झालो त्या उन्हाळ्यात काकाजींनी त्यांना विचारलं, "पोट्ट्याचं आता काय करतोस?"

"येते ना माह्यासंगं बाग राखाले," वडील म्हणाले.

"बाग राखाले कुत्रं हाय माह्याजवळ. याले कालेजात टाक. राहीन आमच्याइथं."

एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, आणि कारध्यातल्या काही घरांत मला तेव्हाही पाणी वरून ओतून मिळे. काकाजींच्या घरी पहिल्याच दिवशी काकूंनी माझं ताट स्वयंपाकघरात काकाजींच्या शेजारी मांडलं. जेवायला आलेला त्यांचा एक नातलग थबकला, तेव्हा काकाजी मान वर न करता म्हणाले, "तुले ओट्यावर वाढाले सांगू का?" नातलग बसला. मी भंडाऱ्याला बारावी केली, नागपूरला शेतकीची पदवी घेतली, आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या नावापुढे काहीतरी लागलं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून मी उपकार विसरलो असं कुणाला वाटू नये. मी एकही उपकार विसरलेलो नाही.

नोकरी मुंबईला लागली. परदेशातून येणारी रोपं, बियाणं आणि फळं तपासण्याची सरकारी कचेरी होती ती. कामाचं नाव क्वारंटाईन. सरकारी मराठीत त्याला संगरोध म्हणत, पण तो शब्द मी कचेरीबाहेर कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. काकाजींनी कारध्यात सांगून टाकलं होतं, "आपला पोट्टा विमानावर हाय." गावाला मी वैमानिक वाटायचो. मी एकदा समजावून सांगितलं की विमानातून आलेली फळं मी कापून पाहतो, त्यात कीड आहे का ते बघतो. त्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे भाजी निवडाले एवढं शिकलास होय बाबू?" बघायला गेलं तर काम तेच होतं.

त्या काळी परदेशातून ताजी फळं फार थोडी येत. मागवणारं एखादं बडं हॉटेल, नाहीतर एखादी वकिलात. पीच, आलुबुखार, चेरी. मऊ गर आणि मध्ये एक कठीण कोय अशी फळं. आपला आंबाही त्याच घडणीचा, त्यामुळे मला ती परकी वाटली नाहीत. त्यांचा धोका मात्र मला नोकरीत कळला. फळमाशी सालीला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून आत अंडी घालते. भोक लगेच बुजतं, फळ वरून देखणं राहतं, आणि आत अळी कोयीकडे सरकत जाते. आपल्याकडेही फळमाश्या आहेत. पावसाळ्यातला पेरू ज्याने दोन भाग करून खाल्लाय त्याला त्या ठाऊक आहेत. पण भूमध्य समुद्राकडच्या देशांत एक वेगळी माशी आहे, जी आपल्या देशात नाही. ती पीचवर जगते तशी आंब्यावर, पेरूवर, संत्र्यावरही जगते. ती एकदा आली की जात नाही. म्हणून त्या देशांतली फळं निघण्याआधी पंधरवडाभर बर्फाच्या जवळपासच्या थंडीत ठेवायची, त्या थंडीची नोंद सोबत पाठवायची, आणि नोंद नसेल तर माल परत करायचा किंवा जाळायचा. फळ कितीही सुंदर असलं तरी.

एकदा मी असा माल अडवला तेव्हा तो सोडवायला आलेला एजंट म्हणाला, "साहेब, एक तरी अळी दाखवा." मी म्हणालो, "अळी दिसली नाही, म्हणून नाही असं होत नाही." तो हसला. माझे वरिष्ठही मनातून वैतागले असावेत. पण माल जळाला. सानगडीच्या शाळेतून आलेला मुलगा इंग्रजीत अडखळत असेल, कायद्यात अडखळला नाही.

आता मूळ गोष्ट.

काकाजींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. बारसं मे महिन्यात ठरलं. जावई नागपूरचे, आखातात एका कंपनीत नोकरीला. ते बारशासाठी सुटी काढून आले आणि येताना ताज्या पीचची पेटी घेऊन आले. विमानात मांडीवर, मुंबईहून रेल्वेत मांडीवर, भंडारा रोड स्टेशनवरून रिक्षात मांडीवर. लेकराला घेतात तशी ती पेटी त्यांनी आणली, असं काकू कौतुकाने सांगत होत्या. मीही रजा घेऊन गेलो होतो. मांडवात पोचलो तर काकाजींनी हाक मारली, "या विमानवाले. हे पाय जावईबुवानं काय आणलं."

पितळी परातीत पीच मांडले होते. लालसर, लव असलेले, उन्हात चमकणारे. आयाबाया त्यांना हात लावून पाहत होत्या. "रेशमावानी हाय वो," एक म्हातारी म्हणत होती. घुगऱ्यांबरोबर प्रत्येकाच्या हातावर फोड पडत होती, आणि खाऊन झालेल्या कोयी काकाजी स्वतः गोळा करत होते. "आंब्याच्या ओळीत लावतो," ते म्हणाले. "कारध्यात पीच. भंडारा जिल्ह्यात कोनी पायला नसंन." त्यांनी परातीतलं सगळ्यात देखणं फळ उचलून मला दिलं. "घे बाबू. तू त रोजच पायतोस, आमचं पयलं हाय."

मी ते तोंडाला लावलं नाही. सवयीने देठाजवळ फिरवून पाहिलं. एक ठिपका होता, आजूबाजूचा गर किंचित दबलेला. मी सुरी मागितली.

"साहेब झाला ना आता, दातानं नाई खात," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मी कोयीपर्यंत कापलं आणि दोन्ही वाट्या परातीत ठेवल्या. कोयीला लागून गर तपकिरी झाला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या होत्या. एक अळी वाकली आणि टुणकन उडून परातीच्या काठावर पडली. फळमाशीची अळी अशीच उडी मारते. म्हातारीने हातातली फोड खाली टाकली.

"एखाद्यात निघते यार," जावई म्हणाले. "इतक्या दुरून आणलं. सगळे काय पाहून घ्यायचे का?"

"कुठून घेतले?"

"बाजारातून. तिथं सगळीकडून येते माल. कुठून आला हे कोण विचारते?"

"मुंबईला कुणी पेटी पाहिली?"

"कोणीच नाही." मग ते जरा हसून म्हणाले, "तुमच्याच लोकांनी सोडलं ना. आता इथं कायची चौकशी?"

ते खरं होतं. प्रवाशाच्या हातातल्या पेटीकडे तेव्हा कुणी फारसं पाहत नसे. मी म्हणालो, "आमच्या लोकांची चूक झाली. ती काकाजींच्या बागेनं का भरायची?"

काकाजींना अजून राग आलेला नव्हता. जावयाची बाजू सावरायची होती एवढंच. "अरे, आपल्या पेरूत नाई निघत का पावसाळ्यात? अळी म्हणजे अळी. किडके असतीन ते खातकुड्यात टाकून दे, बाकीचे खाऊ दे लोकाइले."

खातकुडा म्हणजे शेणखताचा खड्डा. आमच्याकडे सगळ्या बागांची हीच रीत. किडकं फळ खड्ड्यात टाकायचं, वरून शेण सारायचं, संपलं. त्याने कीड मरते अशी सगळ्यांची खात्री. मीही बागेत राहिलो तेव्हा टोपल्याच्या टोपल्या तिथेच रिकाम्या केल्या होत्या. पण अळीला पुढे मातीच हवी असते. फळातून निघून ती मातीत शिरते, तिथे कोश करते आणि आठवडा-दोन आठवड्यांनी माशी होऊन वर येते. खातकुडा तिच्यासाठी बाळंतिणीची खोली आहे. आणि तो खड्डा आंब्याच्या झाडांपासून हाकेच्या अंतरावर, झाडांवर पाडाला आलेले आंबे.

"आधीच टाकले का काही?" मी विचारलं.

"सकाळी मऊ निघाले ते टाकले ना," काकू म्हणाल्या.

मी उठलो. अंगात बारशासाठी शिवलेला पांढरा सदरा होता. खड्ड्यात उतरून शेण उकरलं आणि सकाळचे पीच, त्यांच्याभोवतीच्या शेणामातीसकट, घमेल्यात भरले. परत येऊन परात उचलली. मग पंगतीतल्या लोकांच्या हातातल्या फोडी मागू लागलो. हे आजही मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. खड्ड्यात उतरणं सोपं होतं.

"चांगले काहून घेऊन राहिला?" काकाजींचा आवाज बदलला.

"चांगला कुठला ते वरून कळत नाही काकाजी. सगळे उकळावे लागतील. कोयीसुद्धा."

"तुह्या साहेबाची चिठ्ठी हाय का?"

"नाही. इथं मला काहीच अधिकार नाही."

"मंग?"

"मग काही नाही. तरी उकळावे लागतील."

जावई उठून आत गेले. आतून त्यांच्या बायकोच्या रडण्याचा आवाज आला. काकाजी माझ्या अगदी जवळ येऊन हळू बोलले. "माह्या जावयाचा अपमान करून राहिला तू. माह्या घरात, माह्या नातवाच्या बारशात. तू तिकडं साहेब असशीन. इथं घरचा पोट्टा हायस."

"घरचा आहे म्हणूनच बोलतोय. परका असतो तर एक फोड खाऊन बस पकडली असती."

"आज ऐकलं नाई त या दारात पुन्हा पाय ठेवू नको."

सगळ्यांनी ऐकलं. माझ्या हातात परात होती. मला त्या घरातलं ताट आठवलं, ते पाहून थबकलेला तो नातलगही आठवला. तो नातलग त्या दिवशीही मांडवात होता आणि माझ्याकडेच पाहत होता. मी परात खाली ठेवली असती तर दुपार गोड झाली असती. मी काकूंना म्हणालो, "काकू, धान उकडायचा हंडा पाहिजे."

"बाई बाई. अन्नाच्या हंड्यात किडे उकडतोस?"

"एवढ्याला दुसरं मोठं भांडं नाही."

"ने. अन् परत नको आणू तो."

चूल अंगणात होतीच, धान उकडण्यासाठी कायमची बांधलेली. मी जाळ केला, पाणी चढवलं, घमेलं आणि परात रिकामी केली. पीच उकळायला लागले तसा गोड वास सुटला, आणि बाहेरच्या पोरांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "शिरा हाय का गा?" काही अळ्या मी आधीच एका औषधाच्या बाटलीत, जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये घालून ठेवल्या होत्या. मुंबईला दाखवायला.

काकाजी आले. मूठ मिटलेली होती. त्यांनी ती हंड्यावर उघडली आणि गोळा केलेल्या कोयी एकेक करून पाण्यात सोडल्या. वाफेने हात भाजत असेल, पण त्यांनी घाई केली नाही. "झालं समाधान?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी पाणी बराच वेळ उकळू दिलं, सगळा लगदा राखेत ओतला आणि संध्याकाळच्या आत बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. कुणी अडवलं नाही.

मुंबईला आमच्या कीटकांच्या जाणकाराने बाटली भिंगाखाली धरली. तो म्हणाला, फळमाशीच आहे. कुठली, हे नुसत्या अळीवरून खात्रीने सांगता येणार नाही, माशी होऊ दिली असती तर कळलं असतं. म्हणजे मला कधीच कळलं नाही. परदेशी असेल. कदाचित आपल्याकडची साधी माशीच असेल, कुठूनतरी तिकडे पोचलेली. माशी होऊ द्यायची तर ती जिवंत ठेवावी लागली असती, आणि कारध्यात, जाळीच्या पिंजऱ्याशिवाय, आंब्याच्या झाडांच्या शेजारी, ते मी केलं नसतं. अजूनही करणार नाही.

त्या दिवाळीत सानगडीला गेलो. बस कारध्यावरूनच जाते. बागेपाशी थांबली, दोघे उतरले, मी बसून राहिलो. घरी वडील माझी वाटच पाहत होते.

"काकाजीनं निरोप देल्ला," ते म्हणाले. "म्हणे, आंबा झाला, आता पेरूबी निघून राहिला. कायबी झालं नाई बागेले. मंग तो तमाशा कायले केला, इचार पोट्ट्याले."

"काही झालं नाही, कारण तमाशा केला."

"अन् नसता केला त होत होतं, हे कोन सांगते?"

"कुणीच नाही."

वडिलांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "जाऊन पाय धर त्याइचे. त्याइच्या घरचं खाल्लं आपन."

"पाय धरीन. माफी मागणार नाही."

"पाय धरल्यावर तेच होते ना बाबू."

वडिलांचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी कारध्याला उतरलो नाही. मुंबईला परत गेलो आणि हे पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे राहिली, ती जशीच्या तशी देतो.

आदरणीय काकाजींस,

मनापासून नमस्कार. बाबांकडून निरोप मिळाला.

तुम्ही विचारलंत की बागेला काहीच झालं नाही, मग तमाशा कशाला. काकाजी, मला सरकार पगार देतं तो काहीच होऊ नये म्हणूनच. माझं काम नीट झालं तर दाखवायला हातात काही उरत नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. मी तुम्हाला न आलेली माशी कुठून दाखवू?

ती अळी परदेशी होती का, हे मला ठाऊक नाही. इथल्या जाणकारालाही सांगता आलं नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही. पण ठाऊक नव्हतं म्हणूनच उकळलं. ठाऊक झालं असतं तेव्हा ती तुमच्या आंब्यावर बसलेली असती, आणि मग तुमच्या एकट्याच्या नाही, नदीकाठच्या सगळ्या बागांवर.

जावईबुवांचा अपमान झाला. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी प्रेमाने आणलं होतं. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ताईला बारशाच्या दिवशी रडावं लागलं, त्याचंही मला वाईट वाटतं. काकूंना सांगा की हंडा राखेने घासून तीनदा उकळत्या पाण्याने धुतला तर त्यात काही राहत नाही. त्या ऐकणार नाहीत, तरी सांगा.

कोयींचं मला सगळ्यात जास्त लागलं. कारध्यात पीच उगवावं ही तुमची इच्छा होती. ते आपल्या उन्हात धरलं नसतं असं माझं शिक्षण सांगतं, पण मी तुम्हाला ते त्या दिवशी सांगितलं नाही. तुम्ही लावून पाहिलं असतं, हे मला माहीत आहे. ज्या पोराचं काही होणार नाही असं लोक म्हणत होते, त्यालाही तुम्ही लावून पाहिलंच.

तुमचं खाल्लेलं मी विसरलो, असं कुणी म्हणालं तर तुम्ही त्याला काय म्हणाल ते मला माहीत आहे. तुम्ही स्वतः तसं म्हणू नका. तुम्ही मला शिकवलंत म्हणून मला ती अळी दिसली. दिसल्यावर मी डोळे मिटून फोड खाल्ली असती, तर तुमचं शिकवणं वाया गेलं असतं, आणि तुमच्याशेजारी मांडलेल्या ताटाची मला लाज वाटली असती. मी माफी मागत नाही. पुन्हा तशी परात समोर आली तर पुन्हा तेच करीन, मग ती कुणाच्याही घरी असो.

येत्या मे महिन्यात मी येणार आहे. आंबे पाडाला लागले की झाडाखाली पडलेलं एकेक फळ कापून पाहायचं आहे. एका वर्षात खात्री होत नाही. तुम्ही दारात पाय ठेवू नको म्हणालात, तो शब्द मी मोडणार नाही. बागेच्या बाजूने येईन. तिथूनही हाकलायचं असेल तर तुम्ही स्वतः येऊन हाकला. बाबांच्या हाती निरोप पाठवू नका, त्यांना त्रास होतो.

आजवर तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी ‘आपला आज्ञाधारक’ असं लिहीत आलो. या वेळी त्यातला एकच शब्द लिहितो, आणि तो पुरेसा खरा आहे.

आपला